निजाम राहिला, निजामी गेली



तहसीलला तीन चकरा मारूनही काम झालं नाही, की आपल्यातली एखादी वैतागून म्हणतेच, "ह्याच्यापेक्षा राजाचं राज्य बरं होतं." गटांच्या बैठकीत हे आम्ही कितीदा ऐकलंय. इंग्लंड-जपानात अजून राजघराणी आहेत. नेपाळनं मात्र २००८ साली राजाला राजवाड्याबाहेर काढून गणराज्य केलं. मग राजा असावा की नसावा? लोह्याच्या बायांना ह्या प्रश्नासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्या आज्या-पणज्या राजाचीच रयत होत्या.

तेव्हा लोहा कंधार तालुक्यात आणि अख्खा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. गादीवर निजाम मीर उस्मान अली खान. पैसासुद्धा वेगळा: इंग्रजांचा तो कलदार, आपला तो हाली सिक्का. शाळेत लेकरांना शिकायचं ते उर्दूत. संस्थानातल्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा 'सर्फ-ए-खास', म्हणजे निजामाचा खाजगी. तिथला महसूल राजाच्या स्वतःच्या तिजोरीत जायचा. त्याशिवाय जहागीरदार होतेच.

निजामानं काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. उस्मानिया विद्यापीठ त्याच्याच काळातलं, निजामसागर धरणही त्याच्याच काळातलं. पण दिलं ते मर्जीनं दिलं. नाही दिलं तर रयतेनं जाब कुठं विचारायचा? जून १९४७ मध्ये त्यानं फर्मान काढलं, की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. दीड कोटीहून जास्त माणसांचं नशीब एका सहीनं ठरलं. त्यांना कुणी विचारलं नाही. आम्हाला खोट दिसते ती इथं. राजा चांगला निघाला तर रयतेचं नशीब, वाईट निघाला तरी नशीबच.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढारपणाखाली लोक उठले. बाया मागं नव्हत्या. बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके हातात शस्त्र घेऊन लढल्या. ईटच्या गोदावरीबाई टेकाळे रझाकारांशी लढता लढता गेल्या. ही लढाई हिंदू-मुसलमानांची होती, असं कुणी सांगत असेल तर त्याला शोएबुल्ला खान यांचं नाव सांगा. हैदराबादनं भारतात यावं असं ते आपल्या वर्तमानपत्रात लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबरला भारताची फौज आली आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करली. तो दिवस आपण झेंडा लावून साजरा करतो. पण त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं, त्याबद्दल झेंड्याखाली कुणी बोलत नाही. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या नांदेडचं नाव घेतलं. राजाच्या कर्माची शिक्षा शेजाऱ्याला मिळाली. आपल्या गटांत त्या घरांतल्या लेकी-सुना आहेत, म्हणून हे बोलायलाच पाहिजे.

आता गंमत ऐका. निजामाला कुणी हाकललं नाही! १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तोच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. वर्षाला ५० लाखांचा तनखाही मिळायचा. मग बदललं काय? सर्फ-ए-खास १९४९ मध्ये सरकारजमा झालं, त्याच वर्षी जहागिरी मोडल्या. आणि १९५२ च्या निवडणुकीत मतपेटी आली. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला मत मिळालं. निजामालाही एक, खुरपणाऱ्या बाईलाही एकच. इंग्लंडातही असंच आहे. मुकुट राजाच्या डोक्यावर आहे, कारभार लोकांनी निवडलेल्यांच्या हातात. तरी आमचं मत गणराज्याकडेच. जपानच्या गादीवर आजही लेकीला बसता येत नाही. ती गादी मुलाचीच. घराण्यावर चालणाऱ्या खुर्चीचं बहुतेक ठिकाणी असंच. भोपाळच्या बेगमांनी शंभर वर्षं राज्य केलं खरं, पण असं उदाहरण विरळाच.

नुसतं मत मिळून भागलं नाही, हेही सांगायला हवं. पहिल्या निवडणुकीत देशातल्या, जास्त करून उत्तरेकडच्या, सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळाली. का? तर 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच त्यांनी सांगितलं होतं. परक्या माणसापुढं स्वतःचं नाव घ्यायची रीतच नव्हती. आज महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायांच्या आहेत. तरी कित्येक गावांत सही सरपंचबाईची आणि कारभार मालकाचा! निजाम गेला, पण छोट्या गाद्या घराघरांत आहेत.

येत्या १७ सप्टेंबरच्या आधी एक काम करा. ज्यांच्या घरी नव्वदीच्या पुढची आजी असेल, त्यांनी तिच्यापाशी बसा. हाली सिक्का पाहिला होता का, रझाकारांच्या भीतीनं कुठं लपली होती, हे विचारा. आणि हेही विचारा, की मतदार यादीत तिचं नाव पहिल्यांदा लागलं तेव्हा तिथं काय लिहिलं होतं. जे सांगेल ते वहीत उतरवून पुढच्या बैठकीला आणा.