बंदुकीची नळी आणि राज्यकर्त्यांचा भरवसा

भोपाळहून इंदूरच्या रस्त्याला लागले की तासाभरात सीहोर येते. आपल्यापैकी बहुतेकांना सीहोर ठाऊक आहे ते तिथल्या चिंतामण गणेशामुळे. चतुर्थीला अवधपुरी-पिपलानीकडून आपली मंडळी दर्शनाला जातात, प्रसाद घेतात आणि परततात. याच सीहोरला इंग्रजांची छावणी होती आणि ‘भोपाळ कंटिंजंट’ नावाची पलटण तिथे असे, हे मात्र दर्शनाच्या गडबडीत राहून जाते. ऑगस्ट १८५७ मध्ये या पलटणीतील शिपायांनी इंग्रजांचा अंमल झुगारला आणि ‘सिपाही बहादूर’ नावाने स्वतःचे सरकार उभे केले. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज सीहोरला पोहोचली. पकडलेल्या शिपायांना गोळ्या घालण्यात आल्या आणि तीच फौज पुढे सागरवरून झाशीवर चालून गेली.

या इतिहासातली माणसे आपण आठवतो, तारखाही आठवतो. या लेखात आपण एका वस्तूकडे पाहू या : बंदुकीच्या नळीकडे. बंदुकीचा दस्ता, चाप, पोलादी अंग ही पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. नळी झिजते, गंजते आणि बदलावी लागते. बदलण्याचे काम कारागीर करतो, पण कोणती नळी बसवायची हे त्याच्या हातात नसते. ते सरकार ठरवते. म्हणून आपल्या देशात शिपायाच्या हातातली नळी पाहिली की राज्यकर्त्यांचा त्याच्यावर किती भरवसा होता, ते कळते.

१८५७ च्या आधी शिपायाकडे गुळगुळीत नळीची बंदूक असे. शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाची खात्री नसे. १८५३ च्या नमुन्याच्या नव्या एन्फील्डच्या नळीत आतून तीन पेचदार खाचा होत्या. गोळी त्या खाचांतून गरगरत बाहेर पडे आणि फिरत्या भोवऱ्यासारखी तोल धरून कितीतरी लांब, सरळ जाई. मात्र गोळी या खाचांत घट्ट बसून सुखाने उतरावी म्हणून काडतुसाला वंगण लावावे लागे. त्या वंगणातल्या चरबीवरून काय वणवा पेटला, हे सर्वांना माहीत आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांना या उठावाची खबर लागली ती महूच्या वाटेवर, शिपायांच्याच तोंडून. पुढे झाशीच्या वेढ्यात ते स्वतः अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी जे केले, त्याचा उल्लेख शाळेच्या पुस्तकांत फारसा येत नाही. तोफखाना देशी माणसांच्या हातून काढून घेतला, हे आपण वाचतो. त्याबरोबरच १८५८ मध्ये देशी पलटणींसाठी एन्फील्डचा वेगळा नमुना काढण्यात आला. बाहेरून पाहाल तर तीच बंदूक. आतून मात्र नळीतल्या खाचा घासून काढलेल्या, भोक .५७७ इंचावरून सुमारे .६५ इंच केलेले. लांबच्या नेमासाठी असलेली वरखाली होणारी मागची पट्टीही काढून टाकली आणि तिच्या जागी साधा ठोकळा बसवला. म्हणजे पुढे गेलेली बंदूक मुद्दाम मागे आणली! खाचा घासल्याने नळीची भिंत इतकी पातळ झाली की पुढच्याच वर्षी जाड नळीचा नमुना काढावा लागला. त्यातही खाचा नव्हत्याच.

यानंतर एक रीत पडली. १८६६ मध्ये स्नायडर पद्धत आली. जुन्या एन्फील्डच्या नळीचा मागचा तुकडा कापायचा, उरलेल्या नळीला आटे पाडायचे आणि मागून काडतूस भरता येईल असा नवा खटका तिला जोडायचा. गोऱ्या पलटणींना या स्नायडर मिळाल्या. देशी पलटणींना त्या मिळाल्या त्या गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री येऊ लागल्यावर. मार्टिनी देशी हातात आली, तोवर गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड होती. शिपाई कायम एक पिढी मागे.

ली-मेटफर्डची गोष्टही नळीचीच आहे. जेम्स पॅरिस ली यांनी तिचा बोल्ट आणि यंत्रणा आखली, मेटफर्ड यांनी नळीतल्या सात उथळ खाचा. काळी दारू होती तोवर सारे ठीक होते. कॉर्डाइट नावाची नवी, फार उष्ण जळणारी दारू आली आणि उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. शेवटी १८९५ मध्ये एन्फील्डच्या कारखान्यात आखलेली, पाच खोल खाचांची नळी बसवली गेली. ‘ली-एन्फील्ड’ या नावात एक शब्द यंत्रणेचा आणि दुसरा नळीचा आहे.

आता पुन्हा सीहोरकडे वळू. कंटिंजंटमधले जे शिपाई इंग्रजांकडे राहिले, त्यांच्यातून १८५९ मध्ये ‘भोपाळ लेव्ही’ उभी राहिली. १९०३ मध्ये तिचे नाव ‘९ वी भोपाळ इन्फंट्री’ झाले. १९१४ च्या शरद ऋतूत ही पलटण फिरोजपूर ब्रिगेडबरोबर फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरली. तिथे हिंदी पलटणींकडच्या जुन्या रायफली काढून घेऊन गोऱ्या सैनिकांकडे असलेल्या नव्या आखूड ली-एन्फील्ड देण्यात आल्या. ऑक्टोबरअखेर हे शिपाई न्यूव्ह शापेलच्या खंदकांत लढत होते. उठावानंतर सत्तावन्न वर्षांनी शिपायाला बरोबरीची नळी मिळाली, तीही साम्राज्याला गरज पडली तेव्हा.

या ली-एन्फील्डची नळी बदलत कशी, हे सांगायला हवे. भेलमध्ये लेथवर आणि गेज हातात घेऊन ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना यात आपलाच धंदा दिसेल. २५.२ इंचांची ही नळी मागच्या टोकाच्या आट्यांनी रायफलच्या पोलादी अंगात, म्हणजे ‘बॉडी’त, बसते. जुनी नळी गंजाने आणि वाळलेल्या तेलाने धरून बसलेली असे. बॉडी नीट साच्यात आवळली नाही, तर नळी निघायच्या ऐवजी बॉडीच पिळली जाई. नवी नळी हाताने फिरवत नेल्यावर तिच्या पाठीवरचा सपाट भाग माथ्यावर येण्याच्या थोडा अलीकडे अडकला पाहिजे. उरलेला पीळ लांब दांड्याच्या पान्याने. आधीच माथ्यावर आली तर नळी ढिली राहणार, आणि तिरपी राहिली तर टोकावरची माशीही तिरपी. या सपाट भागाला लंडनचे बंदूककार हेन्री नॉक यांचे नाव आजही चिकटलेले आहे.

खरी परीक्षा पुढे होती. काडतुसाच्या बुडाची कड नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये बसते. तिथली जागा कमीत कमी ६४ आणि जास्तीत जास्त ७४ थाऊ हवी, म्हणजे सारी सूट दहा थाऊंची, पाव मिलिमीटरची. जागा कमी पडली तर बोल्ट मिटत नाही. जास्त झाली तर काडतूस मागे फाटते आणि तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाशी येतो. म्हणून एक गेज घालून बोल्ट मिटायला हवा आणि दुसरे घालून मिटता कामा नये. चुकत असेल तर बोल्टचे डोके तेवढे बदलत, कारण लीच्या यंत्रणेत ते वेगळे सुटते. मग नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळीची परीक्षा, शेवटी निशाणावर गोळ्या झाडून माशी जुळवणे. शिपायाला यातले काही दिसत नसे. आर्मररच्या हातावर विसंबून तो गाल दस्त्याला टेकवी.

हीच रायफल कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात बनू लागली. पण संशय संपला नव्हता. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी तिथेच अनेक .३०३ रायफलींची .४१० मस्केट करण्यात आली : खाचा नसलेली नळी, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. हत्यार कुणी पळवले तरी त्यात लष्कराची गोळी चालू नये, हा हेतू. १८५८ चीच युक्ती, नव्या नमुन्यावर.

स्वातंत्र्यानंतर नळी कोणती बसवायची हे आपण ठरवू लागलो. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने याच जुन्या आराखड्यावर ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली. त्या काडतुसाचा दाब जास्त, त्यामुळे नुसती नळी बदलून भागले नाही, बॉडीचे पोलादही बदलावे लागले. जुन्या .३०३ पोलिसांकडे गेल्या, तर काही कवायतीसाठी एनसीसीत आल्या. एनसीसीत गेलेल्या आपल्या मुलामुलींनी ‘डीपी’ छापलेली जड रायफल खांद्यावर घेतली असेल. तिच्या नळीला मुद्दाम भोक पाडलेले असते, म्हणजे ती कधीच उडू नये.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित रायफलींसमोर आपल्या शिपायांच्या हाती त्याच जुन्या .३०३ होत्या, कित्येकांच्या हाती नुसत्या काठ्या. तरीही काही जण मागे हटले नाहीत. परक्या सरकारने शिपायाची नळी निकामी केली ती संशयापोटी, आपल्या सरकारने ती जुनी राहू दिली ती दुर्लक्षापोटी. समोरून गोळी येते तेव्हा या दोहोंत काय फरक उरतो?

काही घरांत पणजोबांची परवान्याची बंदूक अजून असेल. तिची नळी आखूड करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि डागडुजीही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायला हवी. पण कायदा बाजूला ठेवला तरी आम्ही हेच सांगू : नळीला हात लावू नका. दस्त्यावर नाव मालकाचे असते. त्याच्यावर राज्याचा किती भरवसा होता, ते नळीच्या आत लिहिलेले असते.