विजेच्या पहारेकऱ्याची दिशा

बडोद्याच्या वायव्येस कोयली नावाचे गाव आहे. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने तेथे उभारावयाच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते 1963 साली बसविण्यात आली आणि ऑक्टोबर 1965 मध्ये अंकलेश्वरच्या खनिज तेलावर कारखाना सुरू झाला. त्यानंतर महिनाभरातच, 9 नोव्हेंबर 1965 च्या सायंकाळी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, नायगारा धबधब्याजवळील एका विद्युतकेंद्रात एका लहानशा उपकरणाने आपल्याला दिलेली आज्ञा चोख पाळली आणि सुमारे 3 कोटी माणसे अंधारात बुडाली. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि, कोयलीसारख्या कारखान्याची वीज सुरक्षित कशी राहते हे समजून घ्यावयाचे, तर नायगाऱ्याची कथा विसरून चालत नाही.

त्या उपकरणाचे नाव रिले. तारा एकमेकींना भिडल्या किंवा वाहिनीवर झाड कोसळले, म्हणजे प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट वाढतो. रिले तो प्रवाह मोजतो आणि ब्रेकरला मार्ग तोडण्याची आज्ञा देतो. परंतु ही आज्ञा देण्यापूर्वी थोडे थांबण्याची शिस्तही त्याला लावलेली असते. रूढ प्रमाणाप्रमाणे वेळेचा गुणक एक धरला, तर ठरविलेल्या मर्यादेच्या दुप्पट प्रवाहाला रिले सुमारे 10 सेकंद थांबतो. दसपट प्रवाहाला मात्र 3 सेकंदच. संकट जितके मोठे, तितकी घाई अधिक. शिवाय दोषाच्या जवळच्या रिलेने प्रथम काम करावे व मागच्याने त्याला सुमारे 0.3 ते 0.4 सेकंदाची सवड द्यावी, असा संकेत आहे. त्यामुळे बिघडलेला तेवढाच भाग तुटतो आणि उरलेल्या गावाचे दिवे जळत राहतात.

वीज एकाच दिशेने वाहत होती तोवर एवढी व्यवस्था पुरेशी होती. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युतकेंद्रातून 1915 साली मुंबईला वीज येऊ लागली, तेव्हा उगम एका बाजूला आणि गिरण्या दुसऱ्या बाजूला, असा सरळ मामला होता. पुढे 1922 साली भिवपुरी आणि 1927 साली भिरा ही केंद्रे आली. उगम वाढले, वाहिन्या जोडल्या गेल्या. अशा जाळ्यात दोष उत्पन्न झाला की प्रवाह दोन्हीकडून धावत येतो. तो किती आहे एवढे कळून भागत नाही. तो कोठून कोठे चालला आहे, हेही कळावे लागते.

वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याला गर्दी झाल्याचे दिसले, पण माणसे आत येत आहेत की बाहेर जात आहेत हे उमगले नाही, तर त्याने दरवाजा लावावा की उघडा ठेवावा? साध्या रिलेची गत अशीच होते. म्हणून दिशा ओळखणारा रिले जन्माला आला. तो प्रवाहाबरोबर विजेचा दाबही पाहतो. दाब आणि प्रवाह यांच्या लहरींमधील कोनावरून प्रवाहाची दिशा ठरते. दिशा नेमलेली असेल तरच तो कृती करतो; उलट असेल तर स्वस्थ राहतो.

कोयलीच्या कारखान्याजवळ स्वतःचे वीजकेंद्र आहे. ज्या कारखान्याची जनित्रे बाहेरच्या जाळ्याशी जोडून चालतात, त्याच्या वेशीवरील रिलेचे काम नाजूक असते. बाहेर दोष झाला, तर कारखान्याचीच वीज त्या दोषाकडे धावू लागते. अशा वेळी रिलेने बाहेरचा दुवा तोडून कारखाना स्वतःच्या विजेवर चालू ठेवावयाचा असतो. दोष आत असेल, तर मात्र त्याने गप्प राहून आतल्या ब्रेकरला काम करू द्यावे लागते. हा विवेक चुकला, तर पंप थांबतात, नळांतील जड तेल थिजू लागते आणि कोंडलेला वायू उंच धुराड्याच्या टोकाशी जाळून टाकावा लागतो. प्रश्न केवळ पैशाचा नसतो. कामावर असलेल्या माणसांच्या जिवाचा असतो.

हा विवेक रिलेला शिकवितो तो अभियंता. पूर्वी रिलेच्या वक्ररेषा एकावर एक ठेवून विशिष्ट आलेखपत्रावर त्यांतील अंतर तपासले जाई. 1929 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत विद्युतजाळ्याची लहान प्रतिकृती असलेला गणनफलक उभारला गेला, आणि 1950 नंतरच्या दशकात ही गणिते संगणकावर होऊ लागली. आज सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण जाळे रेखाटता येते. रिलेची मर्यादा, वेळेचा गुणक, त्याचा कोन, त्याचे तोंड वाहिनीकडे आहे की उपकेंद्राकडे, हे सारे त्यात भरावयाचे असते. मग हवा तेथे कृत्रिम दोष निर्माण करून कोणता ब्रेकर आधी उघडतो ते पाहता येते. सोय मोठीच. परंतु सॉफ्टवेअर तपासते ते पडद्यावरील चित्र. प्रत्यक्ष पेटीत रिलेला प्रवाहाचे माप पुरविणाऱ्या लहान रोहित्राच्या दोन तारा उलट जोडल्या असतील, तर चित्र निर्दोष असूनही रिले पाठमोरा उभा राहतो.

आणि तारा बरोबर असल्या, तरी काळ बदलतो. नायगाऱ्याजवळच्या सर ॲडम बेक केंद्रातून टोरांटोकडे पाच वाहिन्या जात होत्या. त्यांपैकी एकीवरील राखीव रिलेची मर्यादा काही वर्षांपूर्वी ठरविलेली होती. वाढत्या मागणीच्या मानाने ती तोकडी पडली. त्या सायंकाळी 5 वाजून 16 मिनिटांनी कोणताही दोष नसताना भार मर्यादेबाहेर गेला आणि रिलेने वाहिनी तोडली. तिचा भार उरलेल्या चौघींवर पडला व त्याही पाठोपाठ तुटल्या. उत्तरेकडे निघालेली वीज उलटून न्यूयॉर्क राज्यात लोटली. न्यूयॉर्क शहराच्या काही भागांत सुमारे 13 तास अंधार राहिला.

भारतालाही हा धडा स्वस्तात मिळाला नाही. 30 जुलै 2012 रोजी मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास बीना ते ग्वाल्हेर ही 400 किलोव्होल्टची वाहिनी रिलेने तोडली. हा रिले निराळ्या जातीचा, दाब व प्रवाह यांवरून दोषाचे अंतर मापणारा होता. पण कुळ दिशा पाहणारेच. वाहिनीवर दोष नव्हता. वाढलेला भारच त्याला दूरच्या दोषासारखा भासला. उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी कोसळून 60 कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. महाराष्ट्र आणि गुजरात ज्यात येतात ते पश्चिमेचे जाळे मात्र तगून राहिले.

दोन्ही प्रसंगी रिलेने अवज्ञा केली नव्हती. ठरवून दिलेल्या मर्यादा त्याने पाळल्या. बदलली होती ती भोवतालची परिस्थिती. कोयलीच्या कारखान्याची क्षमता वाढत वाढत वर्षाला 1 कोटी 37 लाख टनांवर पोहोचली. अशा प्रत्येक वाढीबरोबर नवी यंत्रे येतात, नवे प्रवाह वाहू लागतात आणि जुन्या आकड्यांचा अर्थ पालटतो. म्हणून रिलेला लावून दिलेला आकडा हा कायमचा निकाल नव्हे. तो एका विशिष्ट दिवशीच्या जाळ्याविषयी एका माणसाने केलेला अंदाज होय. नवे जनित्र बसविले, नवी वाहिनी जोडली की तो अंदाज पुन्हा तपासणे आणि पहारेकरी खरोखर कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे हे प्रत्यक्ष पेटी उघडून पाहणे, हे कर्तव्य कोणत्याही यंत्रावर सोपविता येत नाही.