एक्सलवरचं बिऱ्हाड

भाचीने गेल्या वर्षी हौसेने गिअरची सायकल घेतली. चार दिवस कॉलेजची जड पिशवी पाठीवर वागवली, पाचव्या दिवशी म्हणाली, "मामा, हिला कॅरेज बसवून आण ना." दुकानदाराने सायकल मागून उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "ह्याला होलंच नाहीत, साहेब."

होलं म्हणजे मागच्या चाकाच्या फाट्याजवळ आणि सीटखालून उतरणाऱ्या दोन नळ्यांवर पाडलेली आटेदार भोकं, पाच मिलिमीटरचा बोल्ट बसेल अशी. ती नसली की सायकल कॅरेजला नालायक, असा दुकानातला कायदा. परत येताना माझ्या मनात आलं, आजोबांच्या काळ्या सायकलीला तरी कॅरेजसाठी म्हणून पाडलेलं भोक कुठे होतं? तिच्यावरून दळण गेलं, रॉकेलचा डबा गेला, दोन आत्या पाळीपाळीने शाळेत गेल्या.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत ह्या वस्तूला कॅरिअर म्हणतात, रॅक म्हणतात. कॅरेज म्हणजे तिकडे घोडागाडी नाहीतर आगगाडीचा डबा. आपल्याकडे कॅरिअर आणि कॅरेज दोन्ही चालतात, पण मला कॅरेजच बरं वाटतं. आख्खं कुटुंब बसतं त्या फळीला गाडीचा मान देणं काही फार चुकलेलं नाही.

सायकलीच्या पहिल्या पिढ्यांना ओझं ठेवायला जागाच नव्हती. थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तो उंच चाकाच्या सायकलीवर. पुढचं चाक छातीपर्यंत, मागचं ताटाएवढं, आणि दोघांना जोडणारी एकच वाकडी नळी. तिच्यावर काय बांधणार? हँडलला लटकवलेल्या पिशवीत मोजे, एक जादा सदरा, तंबूचंही काम करेल असा रेनकोट आणि एक पिस्तूल, एवढंच त्याचं बिऱ्हाड. १८८६ मध्ये तो लाहोरकडून कलकत्त्यापर्यंत आपल्या ग्रँड ट्रंक रोडनेही गेला.

कॅरेजचा खरा जन्म शक्य झाला तो जॉन केम्प स्टार्लीच्या रोव्हर सायकलीनंतर, म्हणजे १८८५ नंतर. दोन चाकं जवळपास सारखी झाली आणि मागच्या चाकाला साखळी आली. मग चौकटीला शंकरपाळ्याचा आकार आला. सीटखालून दोन नळ्या मागच्या एक्सलपर्यंत उतरल्या, पॅडलच्या बाजूने दोन नळ्या तिथेच येऊन मिळाल्या. सायकलीच्या मागच्या अंगातली सगळ्यात भक्कम जागा ती हीच. चार नळ्यांचं तिथे संमेलन भरतं आणि सगळ्यांना आवळून धरायला दोन बाजूंना दोन नट असतात.

विलायतेत मात्र बराच काळ लोक सीटलाच ओझं टांगत राहिले. ब्रुक्सच्या कातडी सीटला मागे दोन कड्या असतात, त्यांत पट्टे ओवून आडवी पिशवी अडकवायची. लँकेशायरमधल्या नेल्सन गावच्या विल्फ कॅरेडिसला मनासारखी पिशवी मिळेना, तेव्हा १९३२ च्या सुमारास त्याने स्वतःच शिवायला घेतली. त्या नावाच्या मेणकापडी पिशव्या अजून विकल्या जातात. रविवारी रपेटीला निघालेल्या गिरणी कामगाराला एवढं पुरे होतं. दळण टाकायला जाणाऱ्याला पुरे नव्हतं.

आपल्याकडे आली ती त्याच विलायती घराण्यातली काळी, जड, बावीस-चोवीस इंची सायकल. आधी रॅले, हर्क्युलिस, बीएसए बोटीने आल्या. स्वातंत्र्यानंतर हर्क्युलिस मद्रासजवळ अंबत्तूरला, रॅले आसनसोलला आणि ॲटलस सोनीपतला तयार होऊ लागली. सायकल दुकानात सुट्या भागांत यायची आणि मिस्त्री ती उभी करायचा. घंटी, कुलूप, स्टँड, कॅरेज ह्या गोष्टी वरकड, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घ्यायच्या. म्हणजे कॅरेज बनवणाऱ्याला आपला माल कोणत्या सायकलीवर चढणार हे ठाऊकच नसायचं. त्याने मग प्रत्येक सायकलीला असतेच अशी जागा धरली, मागच्या एक्सलचा नट.

मागचा एक्सल तीन सुती, म्हणजे तीन-अष्टमांश इंचाचा. नट काढायचा, कॅरेजच्या पायाचं भोक एक्सलवर चढवायचं, स्टँडचा कान तिथेच, मडगार्डची तारही तिथेच, मग वायसर, मग नट. एका एक्सलवर एवढी सगळी मंडळी एकत्र कुटुंबासारखी नांदायची. पुढच्या टोकाला सीटखालच्या नळ्यांभोवती एक वाकवलेली पट्टी आणि एक बोल्ट. पंधरा मिनिटांचं काम.

ह्यात कोणी अभियंत्याने आकडेमोड केली असेल-नसेल, पण गणित पक्कं आहे. ओझ्याचा जवळजवळ सगळा भार दोन पायांतून सरळ एक्सलवर आणि तिथून चाकात उतरतो. पुढच्या पट्टीला वजन पेलायचं नसतं, कॅरेज मागेपुढे कलंडू नये एवढंच बघायचं असतं. म्हणून पुढची पट्टी पत्र्याची असली तरी चालायची आणि पाय मात्र लोखंडी सळीचे लागायचे. दूधवाल्यांनी त्याच कॅरेजला दोन्हीकडे आकडे लावून किटल्या टांगल्या. झारखंडात दोनशे किलोच्या वर कोळसा सायकलीवर लादून ती ढकलत नेणारे लोक ह्याच जातीच्या सायकलीला जादा सळ्या ठोकतात. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या फ्रेंच तळाला पडलेल्या वेढ्यासाठी व्हिएतनामी हमालांनी डोंगरातून धान्य आणि दारूगोळा सायकलींवरून पोचवला. त्यांनी हँडलला एक बांबू बांधून ते लांबवलं, सीटमागे दुसरा बांबू उभा केला आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना पोती टांगली. दोनशे किलोहून जास्त. त्या सायकली परदेशातून आलेल्या, आणि कारखान्यात त्या पोत्यांचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही.

मग होलं लागायला कधी लागली?

नट गेला तेव्हा. इटलीतला शर्यतपटू तुलियो कांपान्योलो ह्याने १९३० च्या सुमारास चाक झटक्यात काढता येईल असा खटका आणला. एक्सल पोकळ, त्यातून आरपार एक बारीक सळी, एका टोकाला दांडी. दांडी फिरवली की चाक हातात. शर्यतीत पंक्चर झालेल्याला हे वरदानच. पण ह्या नव्या एक्सलचं टोक फाट्याबाहेर शिल्लकच राहिलं नाही, आणि बाहेर नट नाही म्हणजे कॅरेजचे पाय अडकवायला खुंटी नाही. खटका शर्यतीच्या सायकलींवरून हळूहळू सगळ्या बऱ्या सायकलींवर आला.

फ्रान्समधल्या कारागिरांनी ह्यावर वेगळा उपाय काढला. रने एर्ससारखे लोक सायकल बनवतानाच तिच्या मापाचं कॅरेज घडवायचे आणि ते जोडायच्या जागा नळ्यांवर पितळेने झाळून द्यायचे. दिसायला दागिना, पण गिऱ्हाईक एका वेळी एकच. कारखान्यांनी त्यातली भोकं तेवढी उचलली, आणि तीही फक्त प्रवासी सायकलींना दिली. शर्यतीच्या सायकलीला भोक म्हणजे कमीपणा. मला तर ह्यात थोडी जातीची घमेंडच दिसते: ओझं वाहणारी ती वेगळी, आम्ही वेगळ्या.

भोकं नसलेल्यांसाठी मग जोडजुगाड सुरू झालं. स्वित्झर्लंडच्या प्लेचरचं ॲल्युमिनियमचं, वर उंदराच्या सापळ्यासारखा चाप असलेलं कॅरेज पुढे दोन पट्ट्यांनी नळ्यांवर आवळलं जायचं आणि खड्ड्याखड्ड्याने घसरत ब्रेकवर येऊन बसायचं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जिम ब्लॅकबर्नने ॲल्युमिनियमच्या सळ्यांचं हलकं, ताठ कॅरेज काढलं. पुढच्याच वर्षी चार हजारांहून अधिक लोक अमेरिका आडवी ओलांडायच्या सामुदायिक सफरीत उतरले, आणि सायकलीवर बिऱ्हाड वाहणं तिकडे एकदम प्रतिष्ठित झालं.

सगळ्यात गरीब आणि सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे पी-क्लिप. इंग्रजी पी अक्षरासारखी वळवलेली पत्र्याची पट्टी, आतून रबर. मूळ धंदा विमानांतल्या तारा आणि नळ्या जागेवर धरण्याचा. सायकलीच्या नळीला ती कवटाळते आणि तिच्या दोन भोकांतून कॅरेजचा बोल्ट जातो. पण तिचा सगळा भरवसा घर्षणावर. नळी तिरकी, ओझं खाली ओढणारं, रस्ता आपला. म्हणून जाणते लोक आधी नळीला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतात आणि क्लिप अगदी खाली, नळी फाट्याला मिळते तिथे टेकवून बसवतात, म्हणजे तिला घसरायला जागाच उरत नाही. कार्बनच्या नळीवर हा प्रयोग करू नये. ती वाकत नाही, चिरते.

अलीकडे काही परदेशी कंपन्यांनी खटक्याची सळीच लांब केली आहे, किंवा एक्सलच असा बनवला आहे की त्याची टोकं बाहेर राहतात आणि कॅरेजचे पाय थेट त्यांवर बसतात. पण तसल्या एका कॅरेजच्या किमतीत आपल्याकडे एक काळी सायकल येईल.

भाचीच्या सायकलीचं काम शेवटी चौकातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने केलं. त्यांनी मागचं चाक काढलं, पोकळ एक्सल बाहेर घेतला आणि तेवढ्याच आट्यांचा, दहा मिलिमीटरचा भरीव, लांब एक्सल घातला. काळ्या सायकलीचं कॅरेज आणलं, पायांची भोकं गोल कानशीने थोडी मोठी केली, वायसर, नट. पुढची पट्टी सीटखालच्या नळ्यांना, खाली ट्यूबचा तुकडा.

"चाक आता हाताने निघणार नाही हां, पोरी," ते म्हणाले. "पंधराचा पाना जवळ ठेव."

पाना तिच्या पिशवीत असतो. पिशवी कॅरेजवर.