राक्षसभुवनचा पट: नकाशा काढायचा, पण कशात?

१/८
लिंबागणेश हे बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगराळ भागातले गाव. याच जिल्ह्याच्या उत्तर कडेला, गोदाकाठी, राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. ती पटावरील खेळ म्हणून मांडायची, तर नकाशासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

२/८
आधी प्रसंग पाहू. निजाम अली काही फौजेसह गोदावरी ओलांडून उत्तर तीरावर गेला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर होता. नदीला पूर होता.

३/८
माधवराव पेशवे आणि रघुनाथराव यांच्या फौजांनी दक्षिण तीरावरील सैन्य गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला. पैलतीरावरच्या निजामाला मदत पोहोचवता आली नाही. या पटाचा सर्वांत कठोर नियम म्हणजे नदीच होय.

४/८
युद्धखेळात नकाशाचे महत्त्व जुने आहे. प्रशियाच्या राइसविट्झने १८२४ मध्ये आपला 'क्रीगश्पील' १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर मांडला. तेथे टेकडी आणि ओढा यांवरून फौजेची चाल ठरे.

५/८
१९६१ मध्ये अमेरिकेच्या ॲव्हलॉन हिलने 'गेटिसबर्ग'च्या पटावर षटकोनी घरे आणली. चौरस घरांत तिरकी चाल सरळ चालीच्या सुमारे १.४ पट लांब पडते. षटकोनाचे सहाही शेजारी मात्र समान अंतरावर असतात.

६/८
आता साधने. इंकारनेट आणि वंडरड्राफ्ट यांत डोंगर, झाडे, किल्ले यांची तयार चित्रे मिळतात. काल्पनिक राज्यासाठी ती उत्तम. क्यूजीआयएस मोफत आहे. त्यात खऱ्या भूभागाच्या उंचीची माहिती घेता येते आणि तिच्यावर षटकोनी जाळीही टाकता येते. शिकायला मात्र वेळ लागतो.

७/८
तरीही एक सापळा उरतो. उपग्रहाची माहिती आजची गोदावरी दाखवते. राक्षसभुवनच्या वरच्या अंगाला, पैठणजवळ, १९७६ मध्ये पूर्ण झालेले जायकवाडी धरण आहे. १७६३ चा पूर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आयता मिळत नाही. तो कागदपत्रे वाचून स्वतः रेखाटावा लागतो.

८/८
म्हणून तीर आणि चढउतार क्यूजीआयएसमध्ये, पूर हाताने आणि सजावट सर्वांत शेवटी. पट तयार झाल्यावर एकदा खेळून पाहावे. निजामाची फौज सहज नदी ओलांडून परतत असेल, तर नकाशा कितीही देखणा असला तरी तो राक्षसभुवनचा नव्हे.