वारस आणि बदली

लहानपणी मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचताना मला एक गोष्ट कधी खटकली नाही. हा वेताळ एकविसावा होता. १५३६ साली चाच्यांनी बापाला मारलं, वाचलेल्या मुलानं मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा असा तोच पोशाख वारशानं चालत आला. जंगलातल्या लोकांची समजूत अशी, की हा एकच अमर पुरुष आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये रचलेल्या या घराण्यात वीस वेळा माणूस बदलला आणि कुणाला पत्ता लागला नाही. लागणार कसा? मुखवट्याखालचा चेहरा प्रत्येक वेळी गोराच होता. आफ्रिकेतल्या जंगलाचा राखणदार चारशे वर्षं गोराच कसा, हा प्रश्न मला पडला तो फार उशिरा, अमेरिकन सुपरहिरोंच्या वारसांचा इतिहास वाचू लागल्यावर.

नाव आणि पोशाख पुढच्याकडे सोपवण्याची रीत त्या कॉमिक्समध्येही जुनी आहे. १९४० मध्ये अ‍ॅलन स्कॉट हा ग्रीन लँटर्न होता. १९५९ मध्ये त्याच नावानं हॅल जॉर्डन आला. माणूस वेगळा, अंगठीची कथाही वेगळी, पण दोघेही गोरे. जॉर्डन रुळला आणि ‘खरा’ ग्रीन लँटर्न ठरला.

१९७० मध्ये लेखक डेनी ओनील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी याच मालिकेच्या ७६ व्या अंकात एक वृद्ध कृष्णवर्णीय माणूस जॉर्डनसमोर उभा केला. निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या परग्रहवासीयांसाठी तू इतकं केलंस, मग काळ्या कातडीच्या माणसांकडे तुझं लक्ष कसं गेलं नाही, असं तो विचारतो. जॉर्डन निरुत्तर होतो. पुढच्याच वर्षी, १९७१ च्या अखेरीस, ८७ व्या अंकात याच जोडीनं जॉन स्टुअर्टला आणलं. तो कृष्णवर्णीय वास्तुविशारद, पण हाताला काम नाही. अंगठी मिळताच तो मुखवटा काढून टाकतो. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असं त्याचं म्हणणं. वेताळाच्या घराण्याचा सगळा डोलारा मुखवट्यावर उभा होता. स्टुअर्ट पहिल्याच भेटीत तो उतरवतो.

पण त्याची नेमणूक कशी होते, तेही पाहण्यासारखं आहे. जॉर्डनचा पर्याय म्हणून राखून ठेवलेला गाय गार्डनर जखमी होतो, म्हणून स्टुअर्टची निवड. मुंबईच्या गिरण्यांत ‘बदली’ कामगार असे. सकाळी गेटवर उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, आला तर घरी परतायचं. स्टुअर्ट हा बदलीचाही बदली. मालिकेचा मुख्य नायक व्हायला त्याला १९८४ उजाडावं लागलं, तेही जॉर्डननं अंगठी सोडली तेव्हा.

१९८३ मध्ये टोनी स्टार्क दारूच्या आहारी गेला आणि त्याचा कृष्णवर्णीय मित्र जेम्स रोड्स यानं आयर्न मॅनचं चिलखत चढवलं. १९८५ मध्ये, दोनशेव्या अंकात, स्टार्क सावरून कामावर परतला. मोनिका रॅम्बो १९८२ मध्ये कॅप्टन मार्व्हल झाली, पुढे अ‍ॅव्हेंजर्सची नेतीही. नव्वदच्या दशकात ते नाव पहिल्या, गोऱ्या कॅप्टन मार्व्हलच्या मुलाकडे गेलं. तिनं ‘फोटॉन’ हे नाव घेतलं. पुढे तेही त्याच मुलानं घेतलं. बापाचं नाव मुलाला, हा वेताळाच्याच घरचा न्याय.

कंपन्यांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल, की बदली म्हणून का होईना, त्यांनी गेट उघडलं. मला मात्र खरा पेच दाखवला तो २००३ मधल्या ‘ट्रूथ’ या सात अंकांच्या मालिकेनं. रॉबर्ट मोरालेस यांचं लेखन, काइल बेकर यांची चित्रं. दुसऱ्या महायुद्धात कॅप्टन अमेरिका घडवणारं रसायन कृष्णवर्णीय सैनिकांवर, त्यांना न विचारता, वापरून पाहिलं जातं. या कल्पनेमागे टस्कीगीचं वास्तव आहे. अलाबामात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता न्याहाळला. मालिकेतला आयझाया ब्रॅडली प्रयोगातून वाचतो, कॅप्टन अमेरिकेचा पोशाख घालून मोहिमेवर जातो आणि परतल्यावर तो पोशाख चोरला म्हणून सतरा वर्षं कोठडीत सडतो. कामाला आत घेतलं, पण मस्टरवर नाव नाही. त्याचं नाव उरतं ते घरच्या भिंतीवर, नामवंत कृष्णवर्णीयांनी त्याच्यासोबत काढून घेतलेल्या फोटोंमध्ये. सरकारनं पुसलेला वारसा लोकांनी जपून ठेवला होता.

म्हणून २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय बाप आणि पोर्तो रिकन आईचा मुलगा स्पायडरमॅन झाला, तेव्हा झालेल्या आरडाओरड्याचं मला नवल वाटलं नाही. ‘मूळ’ नायक कुठे गेला, ही तक्रार गोऱ्या वारसाच्या वेळी इतक्या जोरानं ऐकू येत नाही.

मात्र मूळ म्हणजे काय, हे कंपनी एकटी ठरवत नाही. २००१ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘जस्टिस लीग’ या कार्टूनमध्ये ग्रीन लँटर्न म्हणून जॉन स्टुअर्टलाच घेतलं. त्यावर वाढलेल्या मुलांसाठी तो बदली नव्हता. तोच ग्रीन लँटर्न होता. २०११ मध्ये हॅल जॉर्डनचा चित्रपट आला, तेव्हा त्यांतल्या काहींना प्रश्न पडला, की हा गोरा ग्रीन लँटर्न कोण?

त्या मुलांचं अज्ञान मला जवळचं वाटतं. एकविसाव्या वेताळाला मीही असाच पहिला आणि एकमेव समजून बसलो होतो.