तळमजल्याच्या खाली अनंतकाळ

महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये रात्रपाळी संपते. तुम्ही लिफ्टमध्ये शिरता. तळमजला येतो आणि मागे पडतो. लिफ्ट खालीच चाललीय. दार उघडतं ते डब्लिनमध्ये, मार्च 1940 मध्ये.

लिफी नदीवरून बोचरा वारा येतोय, हवेत कोळशाचा धूर. युद्ध पेटलंय, आयर्लंड तटस्थ आहे. सरकारी कचेरीत 28 वर्षांचा ब्रायन ओ'नोलन फायली उपसतोय. वडील 1937 साली गेले. धाकट्या भावंडांची जबाबदारी याच पगारावर आहे. कादंबऱ्या तो फ्लॅन ओ'ब्रायन या नावानं लिहितो. 'द थर्ड पोलिसमन'चं हस्तलिखित लाँगमन्स या प्रकाशकानं नुकतंच नाकारलंय. ते हरवलं, अशी थाप तो मित्रांना मारणार आहे.

तुम्ही त्या पानांत शिरता. चौकीतला पोलीस तक्रार ऐकण्याआधीच विचारतो, सायकलीचं काही आहे का? मग शांतपणे अणुसिद्धान्त समजावतो: खडबडीत रस्त्यावर माणसाचे अणू सायकलीत जातात, सायकलीचे माणसात. गावचा पोस्टमन 71 टक्के सायकल झालाय. शिळफाट्याच्या कोंडीत रोज बाइकवर बसून राहणारे तुम्ही आपला टक्का विचारायचं टाळता.

पुढे पुन्हा लिफ्ट, थेट अनंतकाळात. इथे दाढी वाढत नाही, भूक लागत नाही. मागाल ते मिळतं, सोन्याच्या विटासुद्धा. अट एकच: येताना जेवढं वजन होतं, तेवढंच घेऊन परत जायचं. कथेचा नायक सोनं मागे ठेवताना रडतो. पोलिसाला वाईट वाटतं, पण नियम तो नियम.

नारळीकरांच्या विज्ञानकथेतले गंगाधरपंत निराळ्या निकालाच्या पानिपतात पोचले होते. तुम्ही मात्र त्याच रस्त्यावरून त्याच चौकीत पुन्हा शिरता. आता कळतं, नायक केव्हाच मेलाय आणि हा त्याचा नरक आहे. कादंबरी छापून येऊन हे वाचकांना कळायला 1967 उजाडावं लागलं. लेखक 1 एप्रिल 1966 रोजीच गेला होता.

या नरकात उकळत्या तेलाच्या कढया नाहीत. नोंदी आहेत, मोजमापं आहेत, अदबीनं दिलेला नकार आहे. चित्रगुप्ताच्या वहीत निदान एकदा हिशेब मिटतो. इथे तो रोज चोख जुळतो आणि पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो. असा नरक सुचायला सरकारी नोकरीच हवी.