छताला रंग किती लागेल? समरकंदच्या घुमटाखालचा हिशेब

तुमच्या १० फूट बाय १२ फुटांच्या खोलीचे छत रंगवायचे आहे असे समजा. रंगारी बहुधा छत मोजत नाही. तो जमीन मोजतो, १२० चौरस फूट म्हणतो आणि छतही तेवढेच धरतो. स्लॅब सपाट असेल तर यात चूक नाही. पण स्लॅबखाली १० फूट लांब आणि एक फूट खोल असा एक बीम असेल, तर त्याच्या दोन बाजूंचे २० चौरस फूट वाढतात. बीमचा तळ जमिनीच्या मापात आधीच आलेला असतो. एका लिटरात दोन हात मिळून ६० चौरस फूट होतात असे धरले, तर दोन लिटरांऐवजी साधारण सव्वादोन लिटरांहून थोडा अधिक रंग लागेल. मजुरी चौरस फुटावर ठरली असेल, तर या २० फुटांचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद काम झाल्यावर उभा राहतो.

वाद जुना आहे. छत सपाट नसून घुमटाकार असले की तो मोठा होतो, कारण तेथे जमिनीचे माप उपयोगी पडत नाही.

अर्धगोल घुमटाचे उत्तर भारतीय गणितात होते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त गोलाचे पृष्ठफळ त्याच व्यासाच्या वर्तुळाच्या चौपट सांगितले आहे, आणि त्यासाठी चेंडूवरच्या जाळीची उपमा दिली आहे. म्हणजे अर्ध्या गोलाचे पृष्ठफळ वर्तुळाच्या दुप्पट. विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. तो पूर्ण अर्धगोल मानला, तर खालचे वर्तुळ सुमारे १,१३४ चौरस मीटर आणि घुमटाचा आतला पृष्ठभाग सुमारे २,२६८ चौरस मीटर भरतो. जमीन मोजून चुना आणि रंग मागवणाऱ्याचे सामान निम्म्या कामातच संपले असते. (लीलावतीत हा नियम घुमटासाठी दिलेला नाही, हे मात्र लक्षात ठेवा, तो गोलाचा नियम आहे, घुमटाला आपण लावतो आहोत.)

पण मध्य आशिया आणि इराणमधले बहुतेक घुमट अर्धगोल नव्हते. ते टोकदार कमान फिरवल्यावर तयार होणाऱ्या आकाराचे होते. अशा छताचे क्षेत्रफळ कसे काढायचे, हा प्रश्न जमशीद अल्-काशी याने हाती घेतला. तो काशान गावचा, आणि समरकंदला उलुघ बेगाच्या पदरी काम करणारा गणिती. १४२७ मध्ये पूर्ण झालेला त्याचा ‘मिफ्ताह अल्-हिसाब’, म्हणजे ‘अंकगणिताची किल्ली’, हा ग्रंथ उलुघ बेगालाच अर्पण केलेला आहे. त्याच्या मापनावरील चौथ्या भागात कमानी, घुमट आणि मुकर्नस यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आधीच्या लेखकांनी कमानीचे माप थोडक्यात उरकले. इमारती मोजताना मात्र याचीच गरज जास्त पडते, अशी त्याची तक्रार आहे. मला ती रास्त वाटते.

कलनशास्त्र तेव्हा नव्हते. वक्र पृष्ठभागाचे आडवे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्टा छाटलेल्या शंकूचा भाग समजायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची, या वाटेने तो अंदाजी उत्तराकडे गेला. एका विशिष्ट टोकदार घुमटासाठी त्याने दिलेला गुणक आजच्या दशांशांत सुमारे १.७७५ येतो. पायथ्याच्या व्यासाच्या वर्गाला त्याने गुणले की आतला पृष्ठभाग मिळतो. व्यास १० गज घ्या आणि करून पाहा. जमीन ७८.५ चौरस गज, अर्धगोल धरला तर १५७, आणि अल्-काशीच्या गुणकाने १७७.५. टोकदार घुमट अर्धगोल समजून मोजला, तर २०.५ चौरस गजांचे काम हिशेबातून गळते. साध्या चुन्याचा हात असेल तर हे नुकसान सोसवेल. पण तैमूरच्या समरकंदमधील कबरीचा, गुर-ए-अमीरचा, आतला भाग निळा आणि सोनेरी आहे. अशा कामात प्रत्येक गजाला किंमत असते.

सर्वांत अवघड मुकर्नस. कोनाड्यांवर कोनाडे रचत पायऱ्यांसारखे वर चढणारे, मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे हे छत आहे. त्यातला प्रत्येक तुकडा शिडीवर चढून मोजायचा झाला तर आयुष्य जाईल. अल्-काशीने त्याचे चार प्रकार केले, सर्वांत मोठ्या तुकड्याच्या पायाची लांबी हेच एकक धरले, आणि तुकड्यांच्या पायांच्या लांबीची बेरीज करून ती गुणकाने गुणण्याची रीत दिली. वक्र तुकड्यांसाठी गुणक काढताना त्याने गवंडी ती वक्ररेषा कशी आखतात, तीच आखणी आधाराला घेतली. ज्याने १४२४ मध्ये पायचे मूल्य दशांशाच्या १६ स्थळांपर्यंत अचूक काढले होते, तोच माणूस येथे मात्र गवंड्याला पुरेल एवढ्याच अचूकतेवर थांबतो.

क्षेत्रफळ झाले; दराचे काय? तो गणितातून निघत नाही. लीलावतीत विटा, दगड, खोदकाम आणि लाकूड कापणे यांची मापे सांगून झाल्यावर भास्कराचार्य म्हणतात की मोल कामगारांच्या संमतीने, आणि माल मऊ आहे की कठीण, हे पाहून ठरवावे.